नावाची साक्ष : मराठीतील किड्यामुंग्यांची लोकनावे

मराठीत ‘किडामुंगी’ हा जोडशब्द क्षुद्रतेचा वाचक आहे. ज्याच्या जगण्यामरण्याची दखल घेण्याचे कारण नाही, त्याचे जिणे किडामुंगीचे, असे सहज म्हटले जाते. परंतु ज्या भाषेने या जीवांना एका शब्दात असे तुच्छ ठरवले, त्याच भाषेने त्यांच्यासाठी शेकडो वेगवेगळी नावे घडवली आहेत, आणि ती नावे घडवताना त्यांची चाल, त्यांचा ऋतू, त्यांचे घर, त्यांचा दंश आणि त्यांची शिकार यांकडे इतके बारकाईने पाहिले आहे, की ते पाहणे आणि ती तुच्छता एकाच समाजाची मानणे कठीण जावे. ही नावे म्हणजे बोलीभाषेचे गोड अलंकार आहेत, असे समजून त्यांचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. ती अडाणी आणि अनिश्चित आहेत, असे समजून ती टाकून देणारेही आहेत. या दोन्ही भूमिका सारख्याच अपुऱ्या आहेत. लोकनाव ही एका निरीक्षणाची साक्ष असते. साक्षीची पूजा करायची नसते आणि ती न ऐकता फेटाळायचीही नसते. ती नोंदवून तिची उलटतपासणी करायची असते.

प्रथम ‘लोकनाव’ म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस याच्या ‘सिस्टेमा नातुरे’ या ग्रंथाच्या 1758 मधील दहाव्या आवृत्तीपासून प्राण्यांना दोन शब्दांचे लॅटिन नाव देण्याची पद्धत रूढ झाली. पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा, अशा या द्विनाम पद्धतीचे काम ओळख पक्की करण्याचे आहे, म्हणजे पुण्यातल्या आणि पॅरिसमधल्या अभ्यासकाने एकाच प्राण्याविषयी बोलताना घोटाळा होऊ नये. लोकनाव हे काम करू शकत नाही आणि करायला जातही नाही. ते एका विशिष्ट प्रदेशात, विशिष्ट व्यवसाय करणाऱ्या माणसांनी, त्या जीवाशी आलेल्या रोजच्या संबंधातून दिलेले असते, आणि म्हणून त्या जीवाइतकेच ते त्या माणसांविषयीही सांगते. शास्त्रीय नाव जीवाची ओळख सांगते, तर लोकनाव माणसाचे त्या जीवाशी असलेले नाते सांगते.

हे नाते किती परींनी व्यक्त होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे आठ पायांचा, जाळे विणणारा घरोघरचा जीव. देशावर त्याला ‘कोळी’ म्हणतात, तर कोकणातल्या बोलीत त्याच्यासाठी ‘कांतीण’ हा शब्द आहे. पहिल्या नावात पाण्यात जाळे टाकून वाट पाहणारा मासेमार दिसतो, तर दुसऱ्यात सूत कातणारी बाई दिसते. जाळे तेच, परंतु एका दृष्टीला ते शिकारीचे साधन वाटले आणि दुसरीला पोटातून निघणाऱ्या धाग्याचे नवल वाटले. प्राणिशास्त्राच्या अंगाने पाहिले तर दोन्ही निरीक्षणे खरी आहेत, कारण कोळी रेशीम काततो ही एक गोष्ट आणि त्या रेशमाचा सापळा करतो ही दुसरी. यांपैकी एकच नाव ‘प्रमाण’ ठरवून दुसरे कोशातून गाळले, तर गेलेला शब्द एकच असतो, परंतु त्याबरोबर पाहण्याची एक रीतच जाते.

काही नावांत दंशाचे लक्षण साठवलेले आहे. पित्त उठल्यावर किंवा काही चावल्यावर अंगावर ज्या लालसर फुगोट्या येतात त्यांना मराठीत ‘गांधी’ म्हणतात. ज्या माशीच्या डंखाने अशा गांधी उठतात ती ‘गांधीलमाशी’. ज्याच्या केसांचा स्पर्श कुसळासारखा बोचतो आणि खाज आणतो, त्या केसाळ सुरवंटाच्या ‘कुसरूड’ या नावात ते कुसळ ऐकू येते. काही नावांत आकार आणि हालचाल आहे : बोट लावताच अंगाची गोल चकती करून पडून राहणारा, असंख्य पायांचा जीव मुलांच्या तोंडी ‘पैसा’ होतो, आणि तोच विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या तोंडी, सोयाबीन किंवा कपाशीची कोवळी रोपे कुरतडू लागला की ‘वाणी’ या नावाने ओळखला जातो. काही नावांत काळ आहे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो, पहिला पाऊस पडतो, आणि ओल्या मातीवर मखमलीच्या तुकड्यासारखे गडद लाल, संथ चालणारे जीव दिसू लागतात. त्यांना ‘मृगाचा किडा’ म्हणतात. या नावात रंगाचा उल्लेख नाही, आकाराचा नाही. आहे तो फक्त त्याच्या येण्याचा मुहूर्त. संस्कृतातही याला पावसाच्या देवाशी जोडून ‘इंद्रगोप’ म्हटले गेले. शास्त्राच्या काटेकोर व्याख्येनुसार ‘कीटक’ म्हणजे सहा पायांचा आणि डोके, वक्ष, उदर अशा तीन भागांचा प्राणी. मृगाच्या किड्याला आठ पाय असतात, त्यामुळे तो कीटक नसून कोळ्याविंचवांच्या गोत्रातला आहे. पण वर्षाचा बहुतेक काळ जमिनीत दडून राहणारा हा जीव पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस वर येतो, ही त्याच्या जीवनक्रमातली सर्वांत ठळक घटना नावाने अचूक पकडली आहे.

लोकनावे ढोबळ असतात, हा आक्षेप मधमाश्यांच्या बाबतीत तर टिकतच नाही. सह्याद्रीतील मध काढणाऱ्यांच्या बोलीत मधमाशी हा एक जीव नाही. उंच कड्याला किंवा मोठ्या झाडाच्या फांदीला एकच प्रचंड उघडे पोळे लावणारी आणि चवताळल्यास झुंडीने पाठलाग करणारी ती ‘आग्या’. झाडाच्या ढोलीत किंवा खडकाच्या कपारीत, अंधारात, एकामागे एक समांतर पोळी लावणारी ती ‘सातेरी’. झुडपाच्या डहाळीला तळहाताएवढे एकच उघडे पोळे लावणारी लहानखुरी ती ‘फुलोरी’. आणि भिंतीच्या किंवा खोडाच्या भेगेत राहणारी, डंख नसलेली, मुंगीएवढी ती ‘पोया’. ‘सातेरी’ या नावात सात पोळ्यांची मोजणी असल्याचे मानले जाते. मोजली तर पोळी दर वेळी सातच भरणार नाहीत, परंतु एकाऐवजी अनेक पोळी असणे हाच या माशीला आग्या आणि फुलोरीपासून वेगळे करणारा विशेष आहे, आणि पेटीत पाळण्याच्या दृष्टीने तोच निर्णायकही आहे, कारण अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी लावणारी माशीच लाकडी पेटीतल्या चौकटी स्वीकारते. डॅनिश शास्त्रज्ञ फाब्रिसिअस याने फुलोरीला 1787 मध्ये आणि आग्या व सातेरी यांना 1793 मध्ये लॅटिन नावे दिली. त्याने वेगळ्या ठरवलेल्या या तीन जाती आणि मध काढणाऱ्यांनी वेगळ्या केलेल्या तीन माश्या तंतोतंत जुळतात. एकाने मेलेल्या नमुन्यांच्या शरीररचनेवरून जे ठरवले, तेच दुसऱ्यांनी घराच्या जागेवरून आणि स्वभावावरून ठरवले होते. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या की न्यायशास्त्रात पुरावा बळकट मानतात. येथे तसेच घडले आहे.

परंतु साक्ष खरी असूनही तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो, आणि हे समजण्यासाठी ‘कुंभारीण’ या जीवाइतका चांगला दाखला नाही. खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात, पुस्तकांच्या मागे किंवा तुळईच्या खाली ही कमरेला अतिशय बारीक असलेली गांधीलमाशीच्या कुळातली माशी मातीचे घर करते. ओल्या चिखलाची ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी ती जबड्यात धरून आणते, पुढच्या पायांनी ती दाबत आणि जबड्याने पसरवत कडेकडेने तिची पट्टी लावते. नवी पट्टी ओली आणि गडद, आधीची वाळून फिकी, त्यामुळे अर्धवट घरावर एकाखाली एक कमानी उमटलेल्या दिसतात, आणि माती बसवताना होणारी तिची बारीक गुणगुण खोलीत शांतता असेल तर ऐकू येते. काही जातींचे घर तर गळ्याला गोल काठ असलेल्या इवल्याशा मडक्यासारखेच असते. कुंभाराच्या कामाशी असलेले हे साम्य ज्याने पाहिले, त्याने नाव स्त्रीलिंगी ठेवले, आणि घर बांधणारी माशी खरोखरच मादी असते. हे जाणून ठरवले गेले असे म्हणता येणार नाही, पण नाव निसर्गाशी जुळून आले आहे एवढे खरे.

घर तयार झाले की कुंभारीण त्यात अळ्या किंवा कोळी आणून कोंबते आणि तोंड मातीने लिंपून टाकते. काही दिवसांनी ते फोडून आतून कुंभारीणच बाहेर पडते. आत गेली अळी आणि बाहेर आली माशी, एवढे पाहणाऱ्याने असा अर्थ लावला, की कुंभारणीच्या भीतीने आणि ध्यासाने अळीच तिचे रूप पावली. हाच ‘कीटक-भृंगी न्याय’, म्हणजे ज्याचे अखंड चिंतन करावे त्याचेच रूप प्राप्त होते हे सांगणारा दृष्टान्त. भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये कोळी, मधमाशी आणि पतंग यांच्याबरोबर या माशीलाही स्थान आहे, आणि संत एकनाथांनी 1573 मध्ये काशी येथे पूर्ण केलेली टीका त्याच स्कंधावर असल्याने हे क्षुद्र मानलेले जीव मराठी अध्यात्मविचारात गुरू म्हणून आले. प्रत्यक्षात कुंभारीण डंखाने अळीला लुळी करते, मारत नाही. त्याच कोठडीत ती अंडे घालते, आणि अंड्यातून निघालेले पिल्लू त्या ताज्या अन्नावर वाढते. चीनमध्येही नेमकी हीच समजूत प्राचीन काव्यात रुजली होती, आणि पाचव्या-सहाव्या शतकातल्या ताओ होंगजिंग या विद्वानाने घरटी उघडून पाहून ती खोडून काढली. दृष्टान्ताचे आध्यात्मिक मोल यामुळे उणे होत नाही, कारण ते मोल चिंतनाविषयी आहे, अळीविषयी नाही. मात्र लोकज्ञानाचा आदर करणाऱ्याने यातून एक भेद शिकला पाहिजे : निरीक्षण वेगळे आणि त्याचे स्पष्टीकरण वेगळे. अळी आत नेली जाते, हे निरीक्षण पूर्ण खरे होते. चूक झाली ती मिटलेल्या कोठडीत काय घडले याविषयीच्या तर्कात.

उलटतपासणीची गरज शेतात अधिक तीव्रतेने भासते. उसाच्या आणि भुईमुगाच्या मुळ्या खाणारी, इंग्रजी ‘सी’ या अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी म्हणजे ‘हुमणी’; आणि वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जमणारे तपकिरी किडे म्हणजे ‘भुंगेरे’. नावे दोन, ऋतू दोन, जागा दोन; पण प्राणी एकच, कारण भुंगेरा हीच हुमणीची प्रौढ अवस्था आहे. एका अवस्थेला एक नाव आणि दुसरीला दुसरे, अशी भाषेची विभागणी असल्यामुळे हे नाते सहज ध्यानात येत नाही, आणि मेअखेरीस झाडे हलवून भुंगेरे गोळा करून नष्ट करणे हाच पुढच्या हुमणीवरचा स्वस्त आणि प्रभावी उपाय आहे, हे वेगळे शिकवावे लागते. याच्या उलट ‘कोळी’ हा एकच शब्द शेतीच्या पुस्तकांत कीड खाणाऱ्या उपकारी कोळ्यालाही आणि पानातला रस शोषणाऱ्या ‘लाल कोळी’ या सूक्ष्म उपद्रवी जीवालाही वापरला जातो. काही नावे तर जिवावर उठतात. निरुपद्रवी, गुळगुळीत अंगाच्या सापसुरळीला ‘सापाची मावशी’ म्हणण्यात केवढी आपुलकी दिसते. पण सापाशी जोडलेल्या याच नात्यापायी ती विषारी समजून मारली जाते.

लोकनावांच्या वाटपातही एक असमतोल आहे. लोकवर्गीकरणाच्या अभ्यासकांत याविषयी जुना वाद आहे : अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ ब्रेंट बर्लिन यांनी 1992 च्या आपल्या ग्रंथात असे मांडले, की माणसे निसर्गातले ठळक भेद उपयोगाचा विचार न करताही ओळखतात आणि नावाने दाखवतात, दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की नावे उपयोग आणि उपद्रव यांच्या मागे जातात. मराठीतील लहान जीवांच्या नावांकडे पाहता दुसऱ्या पक्षाला बराच आधार सापडतो. पिके खाणाऱ्यांची नावे दाट आहेत : मावा, तुडतुडे, खोडकिडा, घाटेअळी, बोंडअळी, धान्यातले सोंडे. परंतु माव्याचा फडशा पाडणाऱ्या, पाठीवर ठिपके असलेल्या गोल किड्याला ‘ढालकिडा’ हे नाव मुख्यतः कृषिविस्ताराच्या पुस्तकांतून मिळाले. ज्याला घरचे नाव नाही तो डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, आणि फवारणीत शत्रूबरोबर हा मित्रही मरतो. लोकपरंपरेत जे नाही ते तिच्यावर आरोपित करणे हा तिचा सन्मान नव्हे. येथे तिची उणीव मान्य करून ती भरून काढणे हाच सन्मान आहे.

यावर असे विचारले जाईल, की इतक्या त्रुटी असतील तर एक प्रमाण मराठी नाव आणि एक शास्त्रीय नाव पुरेसे का नाही? याचे पहिले उत्तर व्यवहाराचे आहे. गांडुळाला कोकणात काडू म्हणतात, आणि इतरत्र शिदोड, दानवे, वाळा अशी नावे आहेत. सल्ला देणाऱ्याला ही नावे ठाऊक नसतील तर सल्ला पोचत नाही, आणि ऐकणाऱ्याचे निरीक्षण सल्ला देणाऱ्यापर्यंत परतही येत नाही. दुसरे उत्तर अधिक खोल आहे. प्रमाण नाव तयार करणारा बहुधा पुस्तकातून भाषांतर करतो, आणि भाषांतरित नावात दुसऱ्या समाजाने केलेले निरीक्षण असते. मृगाचा किडा ‘लाल मखमली माइट’ झाला की रंग आणि पोत कळतो, परंतु मृग निघून जातो; आणि पाऊस पुढेमागे होत असलेल्या आजच्या काळात हा किडा केव्हा दिसला, याची गावोगावची आठवण ही हवामानाच्या अभ्यासाला उपयोगी पडू शकणारी माहिती आहे. तिसरे उत्तर असे, की नावाबरोबर लक्ष जाते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे सतत जागा बदलणाऱ्या माणसाला म्हणतात. विंचवाची मादी नवजात पिल्लांना, त्यांनी पहिली कात टाकेपर्यंत, पाठीवर वागवते, हे ज्यांनी पाहिले त्यांनीच ही म्हण घडवली. म्हण टिकली आणि पाहणे थांबले, तर भाषेत फक्त टरफल उरते.

कोश याबाबतीत पुष्कळ काही वाचवू शकले, पण सगळे नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आणि त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती 1857 मध्ये निघाली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग 1932 ते 1938 या काळात प्रसिद्ध झाले. या ग्रंथांनी बोलीतले असंख्य शब्द लुप्त होण्यापासून राखले, आणि त्या उपकाराची फेड होणे अवघड आहे. परंतु किड्यांच्या नावापाशी आल्यावर कोशकाराचा अर्थ पुष्कळदा ‘एक जातीचा किडा’ एवढ्यावर थांबतो. शब्द राहिला, पण तो कोणाचा हे हरवले. कोशकाराजवळ भाषा होती, नमुना नव्हता. दुसरीकडे संग्रहालयाजवळ टाचणीला टोचलेला नमुना आणि त्याचे लॅटिन नाव असते, पण तो पकडला त्या गावातल्या माणसाने त्याला काय म्हटले, हे लिहिलेले नसते. दोन अर्धी ज्ञाने दोन कपाटांत पडून राहिली, ही या विषयातली खरी हानी आहे.

नाव देण्याची शक्ती मात्र आटलेली नाही, आणि हे आशेचे कारण आहे. पाठीची कमान करत चालणाऱ्या अळीला ‘उंट अळी’, सोयाबीनच्या देठाला दोन गोल खाचा पाडणाऱ्या किड्याला ‘चक्रीभुंगा’ ही नावे शेतकरी आणि कृषिशास्त्रज्ञ सारख्याच सहजतेने वापरतात. टोमॅटो-वालाच्या पानाच्या आत नागमोडी पांढरी रेघ कोरत जाणारी परदेशी अळी भारतात 1990 च्या सुमारास पसरली, आणि ‘नागअळी’ हे तिचे नाव आज असे वाटते जणू आजीने दिलेले आहे. याउलट ‘थ्रिप्स’, ‘मिलीबग’ हे शब्द कीटकनाशकाच्या बाटलीबरोबर गावात आले, आणि त्या नावांना त्या जीवाशी मारण्याखेरीज दुसरे नाते ठाऊक नाही; म्हणूनच थ्रिप्ससाठी ‘फुलकिडे’ हा शब्द, जो त्यांची राहण्याची जागा सांगतो, बोलण्यात टिकणे इष्ट आहे. महाराष्ट्राने 2015 मध्ये ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि पुढे राज्य जैवविविधता मंडळाच्या पुढाकाराने फुलपाखरांना मराठी नावे देण्याचा उपक्रम झाला, त्यात त्याला ‘नीलवंत’ म्हटले गेले. फुलपाखरांना सैन्यातले हुद्दे आणि राजेरजवाड्यांचे किताब चिकटवणाऱ्या वसाहतकाळातील इंग्रजी नावांपेक्षा ही नावे नक्कीच जवळची आहेत. तरीही नवे नाव रचण्याआधी जुने आहे का, हे आदिवासी पाड्यांवर आणि शेतांच्या बांधांवर जाऊन विचारण्याचा क्रम पाळला गेला पाहिजे.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावाच्या परिसरातील जीवांची आणि त्यांविषयीच्या स्थानिक ज्ञानाची वही, तयार करण्याची जबाबदारी दिलेली आहे; या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांचे दीर्घ काम आहे. अशा वहीत औषधी वनस्पती आणि मोठी झाडे यांना जागा मिळते तशीच किड्यामुंग्यांनाही मिळाली पाहिजे, आणि नोंद शब्दाची यादी होऊन राहू नये. जीवाचे छायाचित्र, त्याचे लोकनाव उच्चारल्याप्रमाणे, ते नाव का पडले याविषयी सांगणाऱ्याचे म्हणणे, तो दिसण्याचा महिना, त्याचे झाड किंवा पीक, अळी आणि प्रौढ यांची नावे वेगळी आहेत का, आणि जाणकाराने पडताळलेले शास्त्रीय नाव, एवढे एका पानावर आले, तर कोशकाराचे आणि संग्रहालयाचे अर्धे-अर्धे ज्ञान प्रथमच एकत्र येईल. शाळेतल्या मुलांनी ही पाने भरावीत, कारण पैसा, चतुर आणि सोनकिडा यांच्याइतकी खाली वाकून पाहण्याची सवय आता त्यांच्याच वयात उरली आहे, आणि माहिती सांगणाऱ्या आजीआजोबांशी त्यांची त्या निमित्ताने गाठ पडेल.

शास्त्रीय नाव एकदा दिले गेले की संग्रहालयाच्या पेटीत सुरक्षित असते. लोकनाव दर पिढीत कोणीतरी कोणाला तरी बोट दाखवून सांगितले तरच जगते. कुंभारीण उद्याही खिडकीच्या कोपऱ्यात माती आणून लावील. तिला मराठी नाव आहे की नाही, याने तिचे काही अडणार नाही. अडेल ते पाहणाऱ्याचे. तिला नावाने ओळखणारा माणूस केरसुणी उचलण्याआधी थांबतो, आत कोणती अळी नेली जात आहे ते पाहतो, आणि कधीतरी, ते घर रिकामे झाल्यावर, ते उघडून आपल्याच पूर्वजांची समजूत तपासून घेतो. लोकज्ञानाचा वारसा चालवणे म्हणजे हेच : पूर्वजांनी दिलेले नाव जपणे, आणि ज्या नजरेने त्यांनी ते दिले ती नजर त्यांच्याही पुढे नेणे.